१० मे, दुपारी १२.३५ चा मुहूर्त आणि हवामानाचा अंदाज

पत्र : ताई नमस्कार. आम्ही वर्ध्याचे. मुलीचं लग्न १० मे ला ठरलंय, मुहूर्त दुपारी १२.३५ चा, गावाबाहेरच्या लॉनवर. पत्रिका अजून छापायला टाकायच्यात. पाहुणे सातशेच्या आसपास, त्यात व्याह्यांकडचे दीडदोनशे पुण्या-मुंबईचे. आता रोज बातम्यांमधे येतंय की यंदा उन्हाळा सरासरीपेक्षा जास्त तापणार, उष्णतेच्या लाटेचे दिवस वाढणार, आणि फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलं की विदर्भ ५२ डिग्रीवर जाणार. आमचे हे म्हणतात अंदाज कधी खरे होतात का, २०२५ ला पण असंच सांगितलं होतं आणि मे मधे पाऊसच पाऊस. नणंद म्हणते नवतपा २५ मे ला लागतो, त्याच्या आधी काही होत नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या, बीपीच्या गोळ्या चालू, नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्याशिवाय राहणार नाही म्हणतात. मला रात्री झोप लागत नाही. तारीख बदलू का? १० मे ला वर्ध्यात नेमकं किती तापेल हे कुठे कळेल का? — वर्ध्याची एक आई

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. १० मे ला वर्ध्यात किती डिग्री असेल हे आज जगात कुणालाच सांगता येणार नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण तुमचा निर्णय त्या आकड्यावर अडलेलाच नाहीये. तारीख बदलू नका. वेळ बदला. बाकी सगळं उत्तर याच्याभोवती आहे, जरा लांबलं तरी पूर्ण वाचा.

तुम्ही बातम्यांमधे जे ऐकताय तो हंगामी अंदाज. हवामान खातं फेब्रुवारीच्या शेवटी मार्च ते मे चा देतं आणि मार्चच्या शेवटी एप्रिल ते जूनचा. तो कसा असतो बघा, मागच्या कितीतरी वर्षांची तापमानं कमीपासून जास्तपर्यंत ओळीने लावायची, त्याचे तीन सारखे भाग करायचे, कमी, सरासरी आणि जास्त, आणि यंदाचा हंगाम कोणत्या भागात पडायची शक्यता किती टक्के ते नकाशावर रंगाने दाखवायचं. काहीच माहिती नसेल तर तिन्हीला ३३-३३ टक्के. विदर्भावर समजा ६० टक्के जास्तचा रंग आला तरी ४० टक्के शक्यता दुसऱ्या बाजूला उरतेच ना. शिवाय तो आकडा तीन महिन्यांच्या सरासरीचा आणि मोठ्या भागाचा असतो, तुमच्या लॉनचा आणि तुमच्या तारखेचा नाही.

म्हणून तुमचे हे म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. २०२५ ला मार्चअखेरच्या अंदाजात महाराष्ट्राचं नाव लाटेचे दिवस जास्त असणाऱ्या राज्यांत होतं, आणि मे मधे राज्यभर धो धो पाऊस झाला, मान्सून मुंबईत २६ मे लाच पोचला, एरवी ११ जूनच्या आसपास पोचतो तो. पण त्याच वर्षी एप्रिलमधे चंद्रपूर ४५ च्या पुढे गेलं होतं हे ते विसरलेत. एप्रिलमधे लग्न केलेल्यांनी काय भोगलं ते त्यांनाच विचारा. त्यामुळे अंदाज चुकतो म्हणून निवांत राहायचं हा हिशोब मला मान्य नाही.

नणंदबाईंना सांगा की नवतपा खराच आहे, सूर्य रोहिणीत जातो ते नऊ दिवस आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मोजले जातात आणि नागपूरच्या बरोबर डोक्यावर सूर्य येतो तोही त्याच सुमाराला, २६ मे च्या आसपास. पण विदर्भात पारा ४५ च्या वर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा गेलेला आहे. कारण आपल्याकडची उष्णता नुसत्या सूर्याची नसते. मार्चपासून काळी जमीन सुकून भेगाळलेली, तिच्यात ओल उरलेली नाही, ओल असती तर थोडी उष्णता ती सुकवण्यात खर्ची पडली असती, आता सगळी हवा तापवण्यातच जाते. वरून राजस्थानकडचा कोरडा वारा, आकाश निरभ्र, समुद्र लांब. हे सगळं मे च्या पहिल्या आठवड्यातही तसंच असतं.

आणि ते ५२ डिग्री. असे आकडे दर उन्हाळ्यात फिरतात. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं होतं, देशभर बातम्या झाल्या, नंतर खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलेला होता. तो फॉरवर्ड डिलीट करा आणि टाकणाऱ्याला प्रेमाने सांगा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बातमीत कुणी नीट सांगत नाही. लोकांना वाटतं लाटेचा इशारा नाही म्हणजे ठीक आहे. तसं नाहीये हो. मैदानी भागात लाट जाहीर करायला पारा किमान ४० हवा आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्री तरी वर हवा, किंवा मग सरळ ४५ हवा, तेही एकाहून जास्त ठिकाणी आणि एकाहून जास्त दिवस. वर्ध्यात मे मधली दुपार नेहमीच ४२-४३ च्या घरात असते. म्हणजे ४४ झालं तरी कागदावर लाट नाही! इशारा नसेल, हिरवा रंग असेल, आणि तुमचे सातशे पाहुणे ४४ मधे उभे असतील. आणि तो ४४ सुद्धा सावलीतला, जमिनीपासून चारेक फुटांवरच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत, हवा खेळती ठेवून मोजलेला. लॉनच्या फरशीवर, उन्हात, जरीच्या कपड्यात काय होतं ते त्या आकड्यात नसतं.

म्हणून म्हणते अंदाजाची वाट बघू नका. १० मे ची दुपार विदर्भात तापलेली असणार हे धरूनच चला, पाऊस येऊन गारवा झाला तर देवाची कृपा.

आता वेळेचं. १२.३५ चा मुहूर्त म्हणजे १२.३५ ला सगळं संपतं असं नाही ना, तुम्हाला माहितीये, वरात ११ ला निघणार, रस्त्यात तास-दीड तास नाच, मुहूर्त थोडा पुढे सरकणार, पंगती दीडला बसणार त्या साडेतीनला उठणार, मग पाठवणी. सूर्य डोक्यावर १२ ला असला तरी हवा सगळ्यात जास्त तापते अडीच ते चारच्या मधे, जमीन तापून मग हवा तापते म्हणून. म्हणजे तुमचं जेवण, रांगा, आहेर आणि पाठवणी हे सगळं दिवसाच्या सगळ्यात वाईट वेळेत येतंय. गुरुजींना विचारा गोरज मुहूर्त निघतो का. १० मे ला आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, विदर्भात मे मधली लग्नं गोरजावर लावायची पद्धत जुनीच आहे, व्याह्यांना नवल वाटणार नाही. गोरज नसेल तर सकाळी आठ-साडेआठचा बघा आणि अकराच्या आत पंगती उरका. दोन्हीत मला स्वतःला गोरज जास्त जमण्यासारखा वाटतो, फक्त बाहेरगावचे पाहुणे सकाळीच पोचतील आणि दुपारभर आत आराम करतील असं बघा.

संध्याकाळचा एकच धोका आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. वळीव. एप्रिल-मे मधे बंगालच्या उपसागराकडून थोडी ओल आत आली की तापलेल्या दुपारनंतर ढग उभे राहतात आणि चार ते आठच्या मधे धूळ, वादळ, विजा, कधी गारा. कापडी मंडप अशा वाऱ्यात उडतो, खांब पडून माणसं जखमी झालेली आहेत. म्हणून लॉनसोबत पक्कं बांधकाम असलेला हॉल आहे का आणि त्यात निदान अर्धी माणसं उभी मावतात का हे आत्ताच जाऊन बघा. नसेल तर जागा बदला, तारीख नाही. दामिनी नावाचं ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, जवळपास वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं, घरातल्या एका जबाबदार पोराच्या फोनवर टाकून ठेवा. गडगडाट ऐकू आला की सगळे आत, झाडाखाली किंवा मंडपाच्या लोखंडी खांबाला टेकून कुणी उभं राहायचं नाही.

मग अंदाज बघायचाच नाही का? बघायचा, पण ज्याची जी वेळ आहे तेव्हा. दर गुरुवारी खातं पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज काढतं, २५ एप्रिलनंतर तो बघा, नुसता कल कळेल. खरा उपयोगाचा जिल्ह्याचा अंदाज, तो ५ मे पासून रोज बघा, नागपूरचं प्रादेशिक केंद्र विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांचा देतं, खात्याच्या मौसम ॲपवर पण असतो. इशाऱ्याचा रंग पिवळा आला तर सावध, नारिंगी आला तर वरात गाडीतून थेट हॉलवर, लाल आला तर लहान लेकरं असलेल्यांना आणि म्हाताऱ्यांना स्वतः फोन करून सांगा की येऊ नका, आशीर्वाद व्हिडिओवर द्या. हे वाईट दिसणार नाही. रात्रीचं कमीत कमी तापमान पण बघत जा, ते लोक विसरतात, रात्री ३० च्या खाली उतरलंच नाही तर अंग निवत नाही आणि दुसऱ्या दिवशी माणूस लवकर कोलमडतो. लग्नाच्या आदल्या रात्री तर कुणी झोपतच नाही.

आता कूलर. आपल्याकडे लॉनवाले सांगतात दहा जम्बो कूलर लावू, काही काळजी नको. लावा, पण बंद हॉलमधे खिडक्या लावून दहा कूलर म्हणजे तासाभरात घामट कोंदट हवा. कूलर कोरडी हवा ओली करून गार करतो, ती ओली हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की अंगाला गार व्हायचा दुसरा मार्गच नाही. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी, एका बाजूने कूलर, दुसऱ्या बाजूने हवा बाहेर. नवी मुंबईतल्या खारघरचं आठवा, १६ एप्रिल २०२३. उघड्या मैदानावर कार्यक्रम, पारा ३८ च्या आसपास, आपण विदर्भातले ३८ ला उन्हाळा पण म्हणत नाही. पण समुद्राकाठची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, तासन्‌तास बसलेली माणसं. चौदा जण गेले. म्हणून नुसता आकडा बघून धीर धरू नका.

तुमच्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचंही तेच, त्यांच्या शरीराला ही झळ सवयीची नाही, सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ते तर आदल्या दिवशी येणार. त्यांना पत्रिकेसोबतच मेसेज करा, सुती कपडे, टोपी किंवा दुपट्टा, पाण्याची बाटली.

आणि जी माणसं तुमच्या पाहुण्यांच्या यादीत नाहीत त्यांच्याबद्दल. माझ्या मामेबहिणीचं लग्न अकोल्यात, बरीच वर्षं झाली, मे मधलंच, दुपारचंच. वरात साडेअकराला निघाली. बँडमधला एक पोरगा होता, सतरा-अठराचा असेल, मोठा ढोल गळ्यात आणि तो जाड लाल कोट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. चौकात आला आणि बडबडायला लागला, काहीतरीच, मग खाली बसला. आम्ही काय केलं, सावलीत ओढलं, कांदा हुंगवला, तोंडात पाणी ओतायला लागलो, कुणी म्हणालं उपाशी असेल. त्याची कातडी मला अजून आठवते, तव्यासारखी तापलेली. वीस मिनिटं अशीच गेली, मग एका शेजारणीने बादली आणून सरळ त्याच्या अंगावर ओतली आणि ओरडली पहिले दवाखान्यात न्या. वाचला तो, चार दिवस भरती होता. पण त्या वीस मिनिटांचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगते, नीट लक्षात ठेवा आणि घरातल्या चार जणांना सांगून ठेवा. उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांडी गेली, अंग भट्टीसारखं लागलं, घाम असो वा नसो, तो उष्माघात समजायचा. आधी गार करायचं, १०८ ला फोन एकाने लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच वेळी जाड कपडे काढून अंगभर पाणी ओतून वारा घालायचा, मान, काखा, जांघा इथे बर्फ ठेवायचा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी द्यायची नाही, हा तो ताप नव्हे. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही.

बँडवाल्यांना ॲडव्हान्स देतानाच सांगा, कोट नको, सुती शर्ट चालतील. आचाऱ्याची भट्टी लॉनच्या मागे पत्र्याच्या शेडमधे असते, दुपारी तिथे उभं राहून बघा दोन मिनिटं, म्हणजे कळेल. संध्याकाळचं लग्न केलं तरी त्यांचा स्वयंपाक दुपारीच सुरू होतो. भट्टी उघड्या बाजूला सावलीत हलवा, तळणाचं काम पहाटे उरकायला सांगा, त्यांच्यासाठी वेगळा पंखा आणि मीठ घातलेल्या ताकाचं वेगळं भांडं, आणि त्यांना ते पाहुण्यांच्या आधी मिळालं पाहिजे. मंडपवाल्यांना दुपारी १२ ते ४ खांबावर चढवू नका, एक दिवस आधी बांधून घ्या.

जेवणात पनीर, बासुंदी, क्रीमचं सॅलड काढून टाका, एवढ्या उष्म्यात शिजवलेलं अन्न तासाभराच्या वर उघडं राहिलं की बिघडायला लागतं, आणि लग्नातल्या विषबाधेच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतोच. पन्हं, ताक, कलिंगड हवं तेवढं ठेवा. बर्फ निळसर दिसला तर प्यायच्या पाण्यात टाकू नका, न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आपल्या राज्यात २०१८ पासून आहे, तो फक्त बाहेरून गार करायला. पाण्याचे कॅन उन्हात रचून ठेवतात ते सावलीत ठेवायला सांगा, आणि माणशी दोन लिटर तरी धरा, कूलरचं पाणी वेगळं.

तुमचं स्वतःचं पण. कन्यादानाचा उपास धरणार तुम्ही आणि तुमचे हे, मुलगी पण धरेल, सकाळपासून पोटात काही नाही आणि अंगावर शालू. उपास करा, पण कोरडा करू नका. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चहाचा चमचा, उपासाला चालत नसेल तर मीठ सैंधव घ्या, आणि दर तासाला पेलाभर घ्या. मुलीसोबत एक मैत्रीण बाटली घेऊन असू द्या, मेकअप बिघडेल म्हणून पाणी नाकारते ती, प्रत्येक नवरी नाकारते.

सासूबाईंना येऊ द्या. गोळ्यांबद्दल डॉक्टरांना एप्रिलमधेच भेटा, बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि उन्हात पाणी कमी पडतं, डोस बदलायचा का ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्यांना मुहूर्ताच्या वीस मिनिटं आधी गाडीने थेट दारापाशी आणा, खुर्ची आत, कूलरचा झोत थेट तोंडावर नको, बाजूने. एक नातू त्यांच्याजवळच बसू द्या, दर थोड्या वेळाने गप्पा मारायला, बोलण्यात घोळ झाला तर पहिलं त्यालाच कळेल. अक्षता पडल्या की घरी.

पत्रिका अजून छापायला गेल्या नाहीत हे किती बरं झालं. गुरुजींना आजच फोन करा, आणि वेळ मिळाली की विहीणबाईंना तुम्ही स्वतः फोन करा, निरोप पाठवू नका. त्यांच्याही घरी कुणीतरी म्हातारं माणूस असेलच.